मेड्युलोब्लास्टोमा: गट कळला म्हणून किरणोपचार कमी करावेत का?

मूळ मांडणी
लहान मेंदूत वाढणारी मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ म्हणजे एकच रोग नव्हे, यावर आता दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात गाठीच्या पेशींतील जनुकीय बदलांवरून पाडलेले गट आले आणि २०२१ मध्येही ते टिकले. त्यांतल्या डब्ल्यूएनटी गटातील (पेशीतील त्याच नावाची संदेशसाखळी बिघडलेल्या) नव्वद टक्क्यांहून अधिक मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. एमवायसी या पेशीवाढीशी संबंधित जनुकाच्या प्रती वाढलेल्या, 'गट ३' नावाच्या गटातील मुलांचे भवितव्य मात्र बिकट असते. तरीही संपूर्ण मेंदू व मेरुरज्जूला २३.४ ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरण द्यायचे की ३६, हे बऱ्याच ठिकाणी वय, उरलेली गाठ आणि रोगाचा प्रसार एवढ्यावरच ठरते. वाचलेल्या मुलाची शाळेतली गती मंदावते, उंची खुंटते, संप्रेरके बाहेरून घ्यावी लागतात. म्हणून गट न लिहिलेला गाठीच्या तपासणीचा अहवाल अपुरा मानावा आणि डब्ल्यूएनटी गटात मात्रा उतरवावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
पहिली मागणी मान्य, दुसरी अमान्य. तुमचे नव्वद टक्के ज्या मुलांवरून आले, त्यांना हेच किरणोपचार मिळाले होते. उपचार काढून घ्यायचा आणि त्याचे यश मात्र हिशेबात धरायचे, हे कसे चालेल? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हे करून पाहिले आहे. निवडक डब्ल्यूएनटी रुग्णांना फक्त गाठीच्या जागी किरण आणि पुढे केमोथेरपी देण्यात आली, पण मूळ जागेपासून दूर रोग उलटू लागल्यामुळे मोजक्याच मुलांनंतर तो अभ्यास थांबवावा लागला.

मूळ लेखक
वगळणे वेगळे, उतरवणे वेगळे. मी वगळा म्हटलेले नाही.

प्रतिसाद २
उतरवूनही पाहिले आहे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत तीन ते सात वर्षांच्या, सरासरी धोक्याच्या (म्हणजे रोग न पसरलेल्या आणि गाठ फारशी न उरलेल्या) मुलांना २३.४ ऐवजी १८ ग्रे दिले गेले आणि रोग आवरण्यात ती मात्रा कमी पडली.

मूळ लेखक
त्या मुलांची निवड गटांनुसार झालेली नव्हती, त्यामुळे सगळ्या गटांची सरासरी डब्ल्यूएनटीच्या माथी मारता येणार नाही. मात्र नव्वद टक्के कोणत्या उपचाराखाली मिळाले हे मी लिहायला हवे होते, हा पहिल्या प्रतिसादातला आक्षेप रास्त आहे. मात्रा चाचणीच्या चौकटीतच उतरवावी, अशी दुरुस्ती मी करतो.

प्रतिसाद ३
मी पॅथॉलॉजीत काम करतो. बीटा-कॅटेनिन, गॅब१ आणि याप१ ही प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या रंजकचाचण्यांवरून गटाचा पुष्कळसा उलगडा होतो आणि त्यांना महागडे यंत्र लागत नाही. परंतु बीटा-कॅटेनिन कधीकधी थोड्याच पेशींच्या केंद्रकात दिसते, आणि तेवढ्यावर विसंबून मात्रा कमी करण्याचा सल्ला मी तरी देणार नाही, बीटा-कॅटेनिन बनवणाऱ्या सीटीएनएनबी१ जनुकाची तपासणी हवीच. किरणोपचार शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवेत, तेव्हा गाठीचा मेणात जतन केलेला नमुना जनुक तपासणीसाठी दुसऱ्या शहरी पाठवायचा असल्यास पहिल्याच आठवड्यात पाठवावा. शिवाय तुमचा वाद एकाच गटाभोवती फिरतो आहे. एसएचएच या दुसऱ्या एका गटात टीपी५३ हे कर्करोग रोखणारे जनुक बिघडलेले आढळले, तर तो दोष जन्मजात असू शकतो आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. तिथे मात्रेचा प्रश्न नसतानाही गट कळणे तितकेच गरजेचे असते.