काजळमठ जाळावा की उघडावा?

गिरणाथडी (चाळीसगाव)

आम्ही काही मित्र रविवारी जमून फासे टाकून कथाखेळ खेळतो. एकेकानं एक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट पुढे न्यायची. यंदाची गोष्ट मी रचतोय. तिच्यात 'काजळमठ' नावाचा एक काल्पनिक पंथ आहे आणि त्यावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत.

काळ यादवांचा. मठ चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या वरच्या रानात, सातमाळा डोंगररांगेच्या कड्याला. तिथले साधक भुतंखेतं वश करत नाहीत. त्यांना फक्त माहीत असतं: ग्रहण कधी लागणार, कुठल्या खडकाखाली पाणी आहे, कुठली मुळी किती दिली की माणूस मरतो, कुठल्या घराण्याचं कर्ज कुणाकडे थकलंय. दीक्षा अशी. शिष्यानं पोथीचं एक पान तोंडपाठ करायचं, गुरू तीनदा म्हणवून घेणार, आणि मग शिष्यानं आपल्याच हातानं त्या पानाला दिव्याचं काजळ फासायचं. एकही अक्षर दिसता कामा नये. त्यानंतर ती विद्या त्या दोघांच्या डोक्यात, बाकी कुठेच नाही. म्हणून साधकाला राजाही हात लावत नाही. तो मेला तर गावाची विहीर कुठे खणायची हे सांगणारं कुणी उरत नाही.

निम्मे गडी म्हणतात शेवटी मठ जाळायचा. मी म्हणतो उघडायचा. माझ्या मते या लोकांचं पाप त्यांच्या विद्येत नाही, त्या काजळात आहे. जाणून घ्यायची भूक वाईट नसते. दुसऱ्यानं जाणू नये म्हणून पान पुसणं वाईट. तुम्हाला काय वाटतं?

सातपुडा_पायथा

दादा, गोष्ट चांगली रचलीत, पण माझा या अख्ख्या कल्पनेलाच विरोध आहे. कारण सांगते.

मी धडगावकडे शिकवते. आमच्याकडे 'काहीतरी जाणणारी' बाई म्हणजे काय होतं ते ऐका. पोराचा ताप उतरत नाही. दवाखाना लांब. घरचे भगताकडे जातात. तो दाणे टाकतो, मोजतो, पुन्हा टाकतो आणि एका बाईकडे बोट दाखवतो. ती बहुतेक वेळा विधवा असते, एकटी असते, तिच्या नावावर थोडी जमीन असते. त्या दिवसापासून ती डाकीण. तिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. पुढे मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवच घेणं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. कायदा झाला, पण भीती गेली नाही.

आता तुमचा काळ्या पंथाचा खेळ पोरं खेळणार. त्यांच्या डोक्यात काय राहणार? 'ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं तो धोक्याचा.' नेमकी हीच समजूत त्या बाईला मारते. तुमच्या मठातल्या साधकांपाशी सत्ता आहे, त्यांना राजाही घाबरतो. प्रत्यक्षात डाकीण ठरवलेल्या बाईपाशी काहीच नसतं. कुणाला कुठली पाल्याची औषधं माहीत असतात, तेवढीच. पंथ काढायचाच असेल तर काळा काढू नका.

आबा_अमळनेर

सातपुडा ताईंचं दुःख खरं आहे, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलंय असं मला वाटतं. डाकिणीच्या गोष्टीत विद्या कुठेच नाही. भगताला काहीच कळत नाही आणि कळत असल्याचा आव आणून तो सत्ता चालवतो. काजळमठ याच्या बरोबर उलटा आहे. तिथं खरंच कळतं.

गिरणाथडी, तुमच्याशीही माझं जमत नाही. 'उघडायचा' हा शब्द ऐकायला फार गोड. बचनागाच्या विषारी मुळीचंच घ्या. वैद्य ती गोमूत्रात शुद्ध करून, मोजून, मगच औषधात घालतो. ती मात्रा चावडीवर लिहून ठेवाल? तुमच्याच गोष्टीत मारणाऱ्या मुळीचं पान आहे. ते पुसणारा शिष्य मला खलनायक वाटत नाही, जबाबदार माणूस वाटतो. काही विद्या पात्र पाहूनच द्यावी लागते आणि पात्र पाहायला वेळ लागतो.

आमच्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. पैसा गिरणीचा, आणि तो लावला कशाला? चार माणसांनी शांत बसून विचार करावा म्हणून. साने गुरुजी आधी तिथं आले, मग शाळेत गेले. गावापासून थोडं बाजूला बसून साधना करणाऱ्यांना समाजानं पोसावं लागतं. बाजूला बसलेला प्रत्येक जण काळा नसतो.

गिरणाथडी

आबा, बाजूला बसण्याला माझा विरोध नाहीच. उदाहरण माझ्या दाराशी आहे म्हणून देतो.

पाटणे गावच्या भवानीच्या देवळातला शिलालेख एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. शके 1128 चा, म्हणजे 1206-07 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवानं त्याला दान दिलं. दानाचा तपशील जुन्या मराठीत कोरलाय: पाटण्याच्या बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला, घाण्यामागे तेल मठाला. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' 1150 मध्ये लिहिला. पन्नासेक वर्षांनी नातू तो शिकवायची सोय लावतो आणि ते दगडावर कोरून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी नाकारू नये.

माझा काजळमठ याच मठाच्या वरच्या कड्यावर आहे, तो मुद्दाम. ग्रहणाचं गणित दोघांकडे आहे. खालचा ते शिकवतो. वरचा ते पुसतो आणि ग्रहणाच्या दिवशी बाजारात उभा राहून म्हणतो, 'धान्य टाका, नाहीतर सूर्य सोडणार नाही.' आता सांगा, फरक विद्येचा आहे की वागण्याचा?

पांझरेचा_पाटकरी

भो, माले हाई पटनं नही.

खालचा मठ पांढरा आणि वरचा काळा, एवढं सोपं नाही. घाण्याचं तेल मठाला जायचं म्हणालात. ज्याच्या घाण्याचं तेल जायचं त्या तेल्याचा पोरगा त्या मठात बसून ग्रहण शिकायचा का? त्याची पोरगी? माल घेणाऱ्या कुणब्याच्या घरात किती जणांना अक्षर यायचं? पान पुसायला काजळ लागतंच असं नाही. दारात कुणाला येऊ द्यायचं एवढं ठरवलं तरी पान पुसल्यासारखंच. उलट तुमचा काजळमठ तरी उघड सांगतो की आम्ही देणार नाही.

मी धुळ्याकडचा, फडाच्या गावातला. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे पाण्याखालच्या वावरांचा एक गट. एका फडात एका साली एकच पीक, सगळ्यांचं. कुणाच्या वावराला पाणी कधी, हे पाटकरी बघतो. ते ज्ञान आहे आणि ती सत्ताही आहे. पण पाटकरी पाणी लपवून देऊ शकत नाही. पाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून वाहतो, खालच्या वावरवाल्याला कोरडी सरी लगेच दिसते, तो तिथल्या तिथं भांडतो. कितीतरी पिढ्या ही व्यवस्था टिकली ती त्यामुळे. पाटकरी साधुपुरुष होता म्हणून नाही.

तेव्हा गिरणाथडी, मठ उघडून काय होणार? उघडलेल्या दारातून पहिल्यांदा तेच आत जातील ज्यांना आधीच वाचता येतं. मी जाळणाऱ्यांच्या बाजूनं.

सातपुडा_पायथा

पाटकरी दादा, जाळायच्या आधी हेही बघा की त्या आगीत पाण्याच्या जागाही जळतील. उन्हाळ्यात हंडा घेऊन कोण चालतं ते सांगायला नको.

ध्रुवमत्स्य

वादात पडत नाही, गोष्टीतली एक बाब सांगतो. कारण त्यावर तुमच्या पंथाचा सगळा डोलारा उभा आहे.

साधकांना ग्रहण नुसतं नोंदी ठेवून कळतं असं दाखवणार असाल, तर 18 वर्षं 11 दिवसांचं चक्र वापरा. एक ग्रहण झालं की साधारण तेवढ्या काळानं तशाच प्रकारचं ग्रहण येतं. पण चक्रात वर आठेक तास असतात. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, त्यामुळे ते ग्रहण खानदेशात न दिसता भलतीकडेच दिसतं. साधारण याच भागात परत यायला तीन चक्रं लागतात, म्हणजे 54 वर्षं आणि महिनाभर. भास्कराचार्य चक्रावर विसंबत नव्हते, ते चंद्राची आणि पाताची (चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो त्या बिंदूची) गती धरून गणित मांडत. खालच्या मठाला वर्षाची वर्षं थांबायची गरजच नाही.

आता वरच्या मठाचं बघा. जे चक्र 54 वर्षांनी फिरून येतं ते एका माणसाच्या डोक्यात ठेवणार? ज्या शिष्यानं पान पुसलं तो पुढचं ग्रहण बघायला जिवंत असेलच याची खात्री नाही. वाटेत एक पिढी साथीत गेली की मठ आंधळा. मग साधक काय करतील? येत नसलेलं ग्रहण येतंय म्हणून सांगतील. आबा म्हणाले की भगत आणि काजळमठ एकमेकांच्या उलट. मला वाटतं दोन-तीन पिढ्यांत काजळमठाचा भगतच होतो.

आबा_अमळनेर

ध्रुवमत्स्य, ग्रहणापुरतं तुमचं म्हणणं बिनतोड आहे. विषाचं पान मात्र मी अजूनही चावडीवर लावू देणार नाही. ग्रहणाचं ज्ञान वाटल्यानं कुणी मरत नाही. दोन्ही पानं एकाच न्यायानं उघडू नका एवढंच माझं मागणं. आणि पाटकरी, तेल्याच्या पोराचं बोललात ते मनाला लागलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं, मुलानं ऐकून उतरवलं म्हणून ते आपल्याला मिळालं. अशा किती जणींचं कुणी उतरवलंच नाही.

सातपुडा_पायथा

आबा, तिथंच मला यायचं होतं.

गिरणाथडी दादा, पाटण्याचा चांगदेव सांगितलात. आपल्याकडचा दुसरा चांगदेव विसरलात. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याचं देऊळ आहे तो. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक. सिद्धी मिळवल्या त्या कशासाठी? मोठं ठरण्यासाठी. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना काय लिहावा हेच सुचेना आणि कोराच कागद पाठवला. ज्ञानाला सत्ता समजणारा साधक याहून नेमका कुठे सापडणार? तुमच्या काजळमठाचा मूळपुरुष तोच आहे. त्याला कुणी जाळलं नाही. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या, आणि गुरू म्हणून त्यानं मुक्ताबाईला मानलं. वयानं पोर. आजही महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाच्या यात्रेला माणसं लोटतात.

काळा पंथ काढू नका असं मी वर म्हटलं. तुम्ही तो काढणारच, हे दिसतंय. मग एक करा. त्या मठात एक मुलगी घाला. साधक नाही, दिवे घासणारी. घाण्याचं तेल आणून दिवे भरायचं काम तिचं. दिवा तिचा, काजळ तिच्याच दिव्याचं, आणि पान पुसायच्या आधी तीनदा मोठ्यानं म्हणतात ते तिला रोज ऐकू येतं.

पांझरेचा_पाटकरी

आणि ती तेल्याची असू दे.

गिरणाथडी

घेतली. तेल्याची मुलगी, नाव खेळणारेच ठेवतील. ताई, तिला डाकीण ठरवायला साधक भगतालाच पुढे करतील, ते मी गोष्टीत आणणार आहे. तिथं खेळणाऱ्यांना ठरवावं लागेल की मठाकडे धावायचं की तिच्या दाराशी उभं राहायचं. दोन्ही एका रात्रीत होणार नाही, अंतर तसं ठेवतो.

मठ जाळायला माझी अजून ना आहे. पाटकरी, तुम्ही रविवारी या आणि जाळणाऱ्यांच्या बाजूनं खेळा. आबा, विषाच्या पानाचं काय करायचं ते तिला ठरवू द्यायचं की गावाला, हे मला अजून सुटत नाहीये. तुम्ही काय म्हणाल?

आबा_अमळनेर

तिला. पण पान उघडायच्या आधी तिला एक वैद्य भेटू द्या.

पांझरेचा_पाटकरी

गावाला. रविवारी येतो, तिथं भांडू.