तोल सावरतो तो मज्जारज्जू की मेंदू?

प्रश्न:
गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने हलकेच ठोकले की पाय आपोआप उडतो आणि ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूतूनच घडते, हे आपण शाळेत शिकलो. उभ्या माणसाला मागून धक्का बसला, तर त्याचा तोलही याच क्रियेने सावरतो का? विचार करायला तर वेळच नसतो.

प्रतिसाद १:
वेळ नसतो हे खरे, पण त्यावरून सारे श्रेय मज्जारज्जूला देता येत नाही. स्नायू अचानक ताणला गेला की पोटरीत पहिली आकुंचनाची लहर सुमारे ४० मिलिसेकंदांत उमटते; तोल सावरणारा खरा जोर मात्र साधारण १०० मिलिसेकंदांनंतर येतो, म्हणजे जाणीवपूर्वक हालचालीच्या आधी, पण गुडघ्याच्या झटक्यापेक्षा बराच उशिरा. या जोरात मज्जारज्जूच्या वरच्या भागांचाही वाटा असतो.

शरीराच्या तोलाचा अभ्यास करणारे संशोधक लुईस नॅशनर यांचे १९७६ मधील प्रयोग इथे बोलके आहेत. पायाखालचा फलाट मागे सरकला की शरीर पुढे झुकते, पोटरी ताणली जाते आणि तिचे आकुंचन तोल सावरते. फलाट जागच्या जागी तिरका होऊन पायाची बोटे वर उचलली गेली, तरी पोटरी ताणली जातेच, पण आता तेच आकुंचन माणसाला मागे पाडू पाहते. निरोगी माणसांत हा चुकीचा प्रतिसाद तीन ते पाच खेपांतच ओसरत गेला. लहान मेंदूला इजा झालेल्यांत मात्र तसे झाले नाही.

प्रतिसाद २:
सहमत, परंतु मज्जारज्जूला ठोकळेबाज यंत्र समजू नये. पोटरीची तीच प्रतिक्षिप्त क्रिया उभे असताना जेवढी तीव्र असते, तेवढी चालताना राहत नाही आणि धावताना आणखी मंदावते. वरून येणारे संदेश तिची तीव्रता कामानुसार ठरवतात. हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढली की गुडघ्याचा झटका वाढतो, हे कोणीही करून पाहावे.

प्रश्नकर्ता:
मग डॉक्टर हातोडी कशासाठी वापरतात?

प्रतिसाद २:
तोल मोजण्यासाठी नव्हे. झटका नाहीसा झाला असेल, तर कमरेतून मांडीकडे जाणाऱ्या चेतामार्गात बिघाड असू शकतो. तो अतितीव्र असेल, तर मेंदूकडून येणारा लगाम सुटल्याची शंका येते. दोन्ही पायांतला फरक विशेष महत्त्वाचा, कारण काही निरोगी माणसांत झटका मुळातच क्षीण असतो.