मदत हवी आहे : लेबल वापरून राहिले आणि पैसेही सगळे वापस मागतात

नमस्कार मंडळी,

मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लोगो, लेबल, छोट्या वेबसाइट अशी कामं घरूनच करते. पाच वर्षांत पैशावरून कोणाशी वाद झाला नव्हता. आता झाला आहे आणि मंगळवारच्या आत मला ठरवायचं आहे.

गिऱ्हाईक मोर्शीकडचे संत्रा बागायतदार, माझ्या दिराच्या ओळखीचे. ओळखीतलं काम म्हणून कागद केला नाही, ही चूक माझी. आंबिया बहाराची संत्री पेटीत भरून थेट नागपूर-पुण्याच्या घरी पाठवायची, असा त्यांचा विचार होता. लोगो नि पेटीवरचं लेबल ९,०००, वेबसाइट १५,०००, एकूण २४,००० ठरले. ८,००० आधी आणि ८,००० लेबल पसंत पडल्यावर, असे १६,००० फोनपेवर आले. डोमेन-होस्टिंगचे (वेबसाइटचं नाव नि इंटरनेटवरची जागा) ३,२०० मी माझ्याजवळून भरले, त्यांच्याच नावावर.

वेबसाइट तयार झाली, फक्त ऑनलाइन पैसे भरायची सोय राहिली. त्याला त्यांचं पॅन आणि कॅन्सल चेक लागत होता. तीनदा मागितला. "उद्या देतो ताई, सध्या तोड सुरू आहे," एवढंच उत्तर. मधे मुलगा टायफॉइडने पडला तेव्हा माझ्याकडूनही १२ दिवस उशीर झाला. तो मी त्याच दिवशी कळवला होता, मेसेज आहे.

बहार निघून गेला, ऑर्डरी आल्या नाहीत, माल शेवटी व्यापाऱ्यालाच गेला. त्यांचं नुकसान झालं, ते मला दिसतं. पण आता रोज फोन करून राहिले : "साइटचा काहीच फायदा नाही झाला आमाले. सारे पैसे वापस करा, नाही तर चारसोबीसची तक्रार देतो." मागच्या आठवड्यात भर बाजारात मामाजींना (माझ्या सासऱ्यांना) गाठून चारचौघांत बोलले. मामाजी घरी आले, पाणीसुद्धा न पिता खाटेवर बसून राहिले. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

आणि परवा बसस्टँडवर त्यांच्या पेट्या पाहिल्या. संत्र्याच्या देठाला दोन पानं, डावं पान टोकाशी मुडपलेलं. आमच्या बगीच्यातली फांदी तोडून ताटात ठेवून मी ते पान काढलं होतं, तीन वेळा खोडून. म्हणजे लेबल त्यांना चालतं, छापलं आहे, वापरून राहिले. मग त्याचे पैसे वापस कसे मागतात?

मी वाचलं ते असं. करार कायदा १८७२, कलम ७० : फुकट म्हणून न केलेल्या कामाचा समोरच्याने फायदा घेतला, तर त्याने मोबदला द्यावा लागतो. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासून फसवायचा हेतू लागतो. जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेला धंदा असेल तर येते. हे गृहस्थ त्यात बसतात का, इथे माझं अडतं. आणि तालुका विधी सेवा समितीत बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, दावा न लावता लोकअदालतीत तडजोडही होते. कोणी असं केलं आहे का? किती दिवस लागले?

घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, देऊन टाक अन् मोकळी हो. नवरा म्हणतो, एक रुपयाही देऊ नको. मला दोन्ही पटत नाही. लेबलचे ९,००० माझे. उरलेल्या ७,००० मधून डोमेन-होस्टिंगचे ३,२०० वजा जाता ३,८०० वापस द्यायची माझी तयारी आहे आणि राहिलेले ८,००० मी मागणार नाही. वेबसाइट बनवायची मेहनत त्यात बुडते, ती बुडू दे. पण पैसे दिले म्हणजे मी फसवणूक कबूल केली असा अर्थ निघायला नको.

मंगळवारी ते दिरासोबत घरी येणार आहेत. तेव्हा दोघांच्या सह्या घ्यायला हा मजकूर लिहिला आहे. जाणकारांनी यात काय कमी-जास्त करायचं ते सांगा, आणि साध्या कागदावर चालेल की स्टॅम्पपेपर लागेल तेही :

"लोगो व लेबलचं काम पूर्ण मिळालं, त्याचे ९,००० रुपये चुकते झाले. वेबसाइटचं काम दोघांच्या संमतीने इथे थांबवलं. त्यापोटी ३,८०० रुपये आज फोनपेने परत मिळाले. ही रक्कम तडजोड म्हणून दिली आहे, कोणाचीही चूक कबूल म्हणून नाही. डोमेनचा पासवर्ड मिळाला. यापुढे या कामाबद्दल दोघांचंही एकमेकांकडे काही घेणं-देणं राहिलं नाही, आणि याबद्दल कोणीही घरच्यांशी किंवा बाजारात बोलणार नाही."

शेवटचं वाक्य वकील काढायला सांगतील कदाचित. मला ते ठेवायचं आहे.