दक्षिण टायरॉलला जायचं म्हणायलोय, कुणी जाऊन आलंय का?

शहापूरकर: मी आणि बाबा मे महिन्यात इटलीला जायलोय. व्हेनिसनंतर वर दक्षिण टायरॉलच्या राजधानीत, बोल्झानोला, जावं असं मनात आहे. देश इटली, पण त्या प्रांतात बहुतेकांची भाषा जर्मन. बेळगावच्या माणसाला ते बघायची ओढ लागणारच की. राहायचं कुठं? बाबा शाकाहारी आहेत.

खानापूरचा वाटसरू: जरूर जावा, पण मे टाळा. बरेच रोपवे आणि डोंगरावरची हॉटेलं तेव्हा बंद असतात. सप्टेंबरात सफरचंदांची तोडणी चालू असते, हवाही छान. मुक्काम बोल्झानोतच करा. शहरात कानावर इटालियन जास्त येते, बसनं वरच्या गावांत गेलात की जर्मन. वाल गार्डेनाच्या खोऱ्यात तर तिसरीच, लादिन.

बोल्झानोतल्या विजयस्मारकाखालचं प्रदर्शन चुकवू नका. १९१९ च्या तहानं हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडं गेला. पुढं मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, तेव्हा तरुण मुली घराघरांत लपून पोरांना जर्मन शिकवायच्या. स्मारक त्याच राजवटीचं, १९२८ चं. ते पाडलं नाही, खाली सगळा इतिहास मांडून ठेवलाय. फुकट आहे, निवांत वेळ द्या.

१९७२ पासून तिथं नवी स्वायत्तता आहे. सरकारी कचेरीत जर्मन बोला नाहीतर इटालियन, उत्तर त्याच भाषेत मिळायला हवं. नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा. आपल्याकडं माझ्या आईला स्वतःच्या शेताचा कानडीतला उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. तिथला दोन्ही भाषांत छापलेला फॉर्म मी कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो.

निपाणीची सून: जेवणाचं मी सांगते. क्न्योडेल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. त्यात श्पेक, म्हणजे डुकराचं मांस असतं, म्हणून पालकाचे किंवा चीजचे मागा. श्लुट्सक्राप्फेन करंजीसारखे दिसतात, आत पालक. दोन्हींत अंडं असतं हं, बाबांना विचारून घ्या.

शहापूरकर: अंडं चालतं त्यांना. सप्टेंबरच धरतो मग. बर्फात सापडलेला तो माणूस तिथंच आहे ना?

खानापूरचा वाटसरू: होय, ओट्झी. १९९१ मध्ये सापडला, पाच हजार वर्षांहून जुना. बोल्झानोच्या संग्रहालयात एका लहान खिडकीतून बघायचं असतं, रांग लागते. तिकीट आधीच काढा, आणि सोमवारी चालू आहे का बघून घ्या. हॉटेल बुक करताना गेस्ट पास देतात का विचारा, त्यावर प्रांतातल्या बस आणि लोकल रेल्वे फुकट.