जपान: 8 दिवस, दीड लाख, फक्त मांगा-अ‍ॅनिमेसाठी. सल्ला हवा

रानजाई
मंडळी, नोव्हेंबरात एकटीच जपानला जायचं ठरवतेय. 8 दिवस. विमान, व्हिसा, राहणं-खाणं सगळं धरून दीड लाख, त्यावर जमणार नाही. मला देवळं आणि बागा बघायच्या नाहीत, मांगा-अ‍ॅनिमेची ठिकाणं बघायचीत, म्हणजे जपानी कॉमिक्स आणि कार्टूनपटांची. लहानपण हिंदी डोरेमॉन-शिनचॅनवर गेलं, कॉलेजात 'डिटेक्टिव्ह कोनान' हाती लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. 'केस क्लोज्ड' नावाने येणारे त्याच मांगाचे इंग्रजी खंड पगारातून एकेक करून जमवतेय. जिब्ली स्टुडिओचे सिनेमे म्हणजे जीव की प्राण. शाकाहारी आहे, अंडं चालतं. कुठे मुक्काम करू आणि काय गाळू?

बाणेरकर
8 दिवसांत जपान म्हणजे जपानवर अन्याय आहे. आम्ही पंधरवडाभर होतो. हाकोनेला र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृह, घेतलं होतं, खोलीच्या गच्चीतच गरम पाण्याचं कुंड, समोर डोंगर. ते एकदा तरी अनुभवाच. बजेट तीन लाखांपर्यंत न्या, मग बघा. आणि जेआर पास, म्हणजे देशभर चालणारा रेल्वेचा पास, आधी काढून ठेवा, आम्हाला फार स्वस्त पडला.

अनघा_के
बाणेरकर, तुमचा पास जुन्या दराचा असणार. ऑक्टोबर 2023 पासून 7 दिवसांचा पास 29,650 वरून थेट 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योतो एकेरी तिकीट साधारण 14,000 येन. नुसतं जाऊन येणाऱ्याला तो पास आता परवडत नाही.

रानजाई, मी ओसाकात राहते. टोकियोजवळ मिताकाला असलेल्या जिब्ली म्युझियमचं तिकीट दारात मिळत नाही हे आत्ताच डोक्यात पक्कं करा. दर महिन्याच्या 10 तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी 10 वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, पुढच्या महिन्याची विक्री सुरू होते. तुमच्यासाठी 10 ऑक्टोबर. तिकीट 1000 येन. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते फार बरं आहे, लोक खरोखर बघत असतात. दारात जे प्रवेशपत्र हातात देतात त्यात सिनेमाच्या फिल्मचा खराखुरा तुकडा असतो. उजेडाकडे धरला की चौकटी दिसतात. माझ्या तुकड्यात टोटोरो आला होता, अजून पाकिटात आहे.

दादरचा_ओटाकू
म्युझियम वगैरे ठीक, पण टोकियोच्या अकिहाबारा बाजारात सगळे पैसे उडवू नका. तिथल्याच नाकानो ब्रॉडवेला जा. जुनी इमारत, वरच्या मजल्यांवर मांदाराके या जुन्या मालाच्या दुकानसाखळीची छोटी छोटी दुकानं, एकात नुसते जुने मांगा, एकात फिगर्स, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, एकात अ‍ॅनिमेशनचे मूळ सेल, म्हणजे हाताने रंगवलेली पारदर्शक चित्रं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 110 येनचा वेगळा कप्पा असतो, तिथे कोनानचे जपानी खंड सहज मिळतात. वाचता नाही आले तरी मुखपृष्ठासाठी घ्यावेत असे आहेत.

फिगर घेतलीत तर हातातल्या बॅगेत ठेवा. माझी चेक-इनमधून आली ती मनगटातून तुटून. खोका शाबूत, आत हात वेगळा. अजून जीव तुटतो.

मिनाताई
जपान कशाला गं, सोलला जा! मी आणि लेक दोघी आर्मी, म्हणजे बीटीएस या कोरियन बँडच्या चाहत्या. सोलहून समुद्राकडे जुमुंजिनला गेलो होतो. 'गॉब्लिन' मालिकेतला तो बंधारा तिथेच आहे, आणि जवळच ह्यांगहोच्या किनाऱ्यावर बीटीएसच्या अल्बमवरचा बसथांबा. लोक शिस्तीत रांग लावून एकेक फोटो काढतात. मी पन्नाशीची बाई, पण त्या थांब्यावर बसल्यावर डोळे भरून आले.

एक सांगते, लाइटस्टिक, म्हणजे कॉन्सर्टमध्ये हातात धरायची दिव्याची कांडी, कुणाकडूनही घेऊ नका. लेकीने इथून एका विक्रेत्याकडून स्वस्तात आर्मी बॉम्ब, म्हणजे बीटीएसची लाइटस्टिक, मागवला, तो नकली निघाला. खरा असला की अ‍ॅपमध्ये सीट नंबर टाकायचा, मग गाण्याबरोबर सगळ्या स्टेडियमचे रंग एकदम बदलतात. हिचा जोडलाच गेला नाही. सगळीकडे जांभळं आणि हिच्या हातात पांढरा.

दादरचा_ओटाकू
ताई, धागा जपानचा आहे.

मिनाताई
माहितेय रे बाबा. पण आवड एकच ना? ज्याला हे लागलं त्याला ते लागतंच.

शिनचॅनप्रेमी
ज्या डोरेमॉनवर वाढलात त्याला विसरू नका. कावासाकीतलं फुजिको एफ. फुजिओ म्युझियम, टोकियोहून सहज होतं. वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. गच्चीवर नोबिताच्या मोकळ्या मैदानातले तीन पाइप आहेत आणि 'एनीव्हेअर डोअर' उभं आहे, त्यातून आरपार जाता येतं. कॅफेत पाठांतराचा ब्रेड मिळतो, परीक्षेच्या आदल्या रात्री नोबिता खातो तोच. शिवाय शिनचॅनचं गाव कासुकाबे टोकियोपासून फार लांब नाही.

निळूकाका
हिंदी डबिंगवर वाढलेल्या पिढीला मूळ आवाज ऐकवले पाहिजेत, हे माझं जुनं म्हणणं. आणि आपलं-जपानचं नातं डोरेमॉनपासून सुरू होत नाही. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी आपल्या राम मोहन या चित्रपटकारांना बरोबर घेऊन रामायणावर अख्खा अ‍ॅनिमे चित्रपट केला, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. 2025 च्या जानेवारीत तो आपल्याकडे थिएटरात लागला तेव्हा नातवाला घेऊन गेलो होतो. युद्धाचे प्रसंग काय रंगवलेत! तो न बघता जपानला जाऊ नये.

शिनचॅनप्रेमी
काका, हिंदी डबिंगमुळेच गावोगावी डोरेमॉन पोचला. माझ्या आजीला नोबिताच्या आईची काळजी वाटायची. मूळ आवाजात ते झालं नसतं.

बाणेरकर
खाण्याचं कुणी बोललंच नाही. शाकाहारी माणसाचे हाल होतात. नुसत्या भाज्यांचं दिसणारं सूपही दाशीत केलेलं असतं, म्हणजे वाळवलेल्या माशाचं पाणी. मिसो सूपचंही तेच.

अनघा_के
हे मात्र खरं. "मासे-मांस नको, दाशीही नको" असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं आहेत. सोबत मेतकूट असू द्या, गरम भात कुठेही मिळतो.

बाणेरकर
र्योकानमध्ये आधी कळवलं तर शाकाहारी जेवण करून देतात. म्हणूनच म्हणत होतो हाकोने.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री नकाशा घेऊन बसले होते. ठरलं. टोकियोला जात नाही. सोलही नाही, मिनाताई रागावू नका.

मी पश्चिम जपानातल्या तोत्तोरी जिल्ह्यात जातेय. कोनानचे लेखक गोशो आओयामा ज्या गावचे, ते होकुएइ तिथे आहे. युरा नावाचं छोटं स्टेशन, त्याला 'कोनान स्टेशन' म्हणतात. तिथून सुमारे दीड किलोमीटरचा कोनान रस्ता आओयामांच्या म्युझियमपर्यंत जातो. वाटेत ब्राँझचे पुतळे, पुलावर कोनान, गटाराच्या झाकणांवर कोनान. मधे मालिकेतलं 'पोआरो' कॅफेही उभारलंय. म्युझियमच्या दारात मालिकेतल्या डॉक्टर आगासांची पिवळी बीटल गाडी उभी आहे. फोटोत बघितली तेव्हाच ठरवून टाकलं.

त्याच जिल्ह्यात साकाइमिनातो आहे, 'गेगेगे नो कितारो' या भुतांच्या मांगाचे लेखक शिगेरू मिझुकी यांचं गाव. रस्त्याच्या दोन्ही कडांना भुताखेतांचे पावणेदोनशेहून जास्त पुतळे. योनागोहून जाणाऱ्या लोकलच्या डब्यांवरही कितारो, आणि लाइनीवरच्या प्रत्येक स्टेशनला एकेका भुताचं टोपणनाव. मिझुकींनी युद्धात डावा हात गमावला आणि उरलेल्या हाताने आयुष्यभर ही भुतं काढली. त्या माणसाच्या गावात दोन दिवस काढायचेत मला.

टोकियोत जे आहे ते बहुतेक विकत घेण्याचं आहे, आणि माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. जिब्ली म्युझियम सोडताना वाईट वाटलं, पण एका दुपारसाठी टोकियोचं येणंजाणं झेपत नाही. हो ची मिन्ह मार्गे ओसाकाचं तिकीट बघितलंय. ओसाकाहून सुपर हाकुतो गाडीने कुरायोशी, पुढे लोकलने दोन स्टेशनं. मोठा जेआर पास घ्यायचा नाही, एवढं कळलं.

अनघा_के
वा! एक लक्षात घ्या, सुपर हाकुतो मधे चिझू एक्स्प्रेस या वेगळ्या कंपनीच्या रुळांवरून जाते. तो टप्पा जेआरचा नाही, मोठ्या पासवर तिथले वेगळे पैसे पडतात. जेआर वेस्टचा, म्हणजे फक्त पश्चिम जपानात चालणारा, सान्यो-सानइन पास बघा, त्यात हा टप्पा धरलेला असतो. नोव्हेंबरात त्या बाजूला पाऊस आणि वारा असतो, छत्री बरी ठेवा.

दादरचा_ओटाकू
पहिल्यांदा जपान आणि टोकियो नाही? पुन्हा विचार करा. निदान दोन दिवस नाकानो.

रानजाई
नाही, पक्कं झालं. आता फक्त एवढं सांगा: मुक्काम कुरायोशीत करावा की योनागोत? कुणी राहिलंय का?

मिनाताई
मी नाही राहिले. पण योनागोहून सोलला विमान असतं म्हणे, बघ हं.