मिरचीच्या बाजारात बसून १४०० सालचं जग कसं अभ्यासावं?

कळमन्याचा दिवाणजी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केटात मिरचीच्या एका अडत्याकडे सोळा वर्षांपासून दिवाणजी आहे. वय ४१. बी. कॉम. झाल्यावर शिक्षण सुटलं ते सुटलंच. आता बाहेरून इतिहासात एम. ए. करून राहिलो. सकाळी हर्रास, दुपारी पट्ट्या (शेतकऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) अन् रोजमेळ, रात्री पोरं झोपल्यावर पुस्तकं.

लघुप्रबंधासाठी विषय घेतला ‘इ. स. १३०० ते १५०० : आर्थिक इतिहास, जागतिक दृष्टीतून’. मार्गदर्शक म्हणाले, विषय मोठा आहे, लहान करा. कसा लहान करू, ते काही सांगितलं नाही.

अडचण अशी की जे पुस्तक उघडतो त्यात पहिली शंभर पानं युरोपातला प्लेग. मग व्हेनिस, फ्लॉरेन्स. मग एक प्रकरण चीनचं, एक अरबांचं, अन् हिंदुस्थान आला की मसाले, मसाले, मसाले. पाच देशांच्या पाच थैल्या एकाच गोणीत कोंबल्या की ती ‘जागतिक’ होते का? आणि या सगळ्यात आपला वऱ्हाड-नागपूरचा मुलूख कुठे बसतो? की बसतच नाही? माझं इंग्रजी बेताचं आहे, फारसी शून्य. हिशेब मात्र पक्का आहे. कोणी वाट दाखवा.

महालातली मास्तरीण

दिवाणजी, एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण गोणीचा दृष्टान्त कोणी विद्यार्थ्याने दिला नव्हता. तुमचं बरोबर आहे. पाच देश शेजारी मांडले म्हणजे भूगोलाचं पुस्तक होतं. देश सोडा, माल धरा. एकच माल, आणि तो ज्या ज्या हातांतून गेला ते हात.

पहिला धक्का तुमच्याच गादीवरून घ्या. ज्या लाल ढिगाऱ्यासमोर तुम्ही बसता, तो १४०० साली अख्ख्या हिंदुस्थानात नव्हता. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीज आल्यानंतर ती इकडे आली. म्हणजे तेव्हा सावजी रश्शासारखं काही कुणी रांधलं असेलच, तर त्याचा ठसका मिऱ्याचा, पिंपळीचा, सुंठीचा. तेव्हा तुम्ही मिरीच धरा.

आता मिऱ्याबरोबर कालिकतला चला. चीनच्या मिंग दरबाराने १४०५ ते १४३३ मध्ये चेंग हो याच्या हाताखाली सात मोठी आरमारं हिंदी महासागरात पाठवली. त्यांतल्या काहींबरोबर मा हुआन नावाचा दुभाषा होता. कालिकतच्या बाजाराचं त्याने लिहून ठेवलेलं वर्णन वाचताना तुम्हाला कळमनाच दिसेल. चिनी मालाचा भाव ठरवायला सरकारी माणूस, चेट्टी व्यापारी आणि दलाल एकत्र बसायचे. एकेका वस्तूवर घासाघीस चालायची, सगळं उरकायला कमीत कमी महिना, नाहीतर दोन-तीन. मग सगळे हातावर हात ठेवत आणि दलाल जाहीर करी की अमुक महिन्यात, अमुक दिवशी सौदा झाला, महाग पडो की स्वस्त, आता मागे फिरणं नाही. तिथले हिशेबनीस हातापायांची बोटं मोजून हिशेब करतात आणि तरी चुकत नाहीत, याचं त्याला फार नवल वाटलं. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करत, ते मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे नवल मला त्याच्या नवलाचंच वाटलं.

तिथून मिरी दोन दिशांना जाते. पूर्वेला चीनमध्ये इतकी की पंधराव्या शतकात सरकारी नोकरांच्या पगाराचा काही भाग मिऱ्यात चुकता व्हायचा. (आमची पेन्शन हळदीत दिली तर?) पश्चिमेला एडन, जेद्दा, कैरो, अलेक्झांड्रिया आणि मग व्हेनिस. इजिप्तचा सुलतान बर्सबाय, राज्यकाळ १४२२ ते १४३८, याने मिऱ्याचा व्यापार सरकारी मक्तेदारीत घेतला, आणि पिढ्यानपिढ्या त्यावर जगणाऱ्या ‘कारिमी’ व्यापाऱ्यांचा कणा मोडला. त्याला पैसा का हवा होता? प्लेगने खेडी ओस पडली, नाईलचे कालवे आणि बांध राखायला माणसं उरली नाहीत, शेतसारा आटला. आता हाच प्लेग इंग्लंडात पाहा. तिथे मजूर कमी झाले तसे मजुरीचे दर चढले, ते १३४६ च्या पातळीवर दाबून ठेवायला १३५१ मध्ये कायदा करावा लागला, आणि तरी दर फार काळ दबले नाहीत. रोग एकच; एकीकडे मजुराचा हात वर झाला, दुसरीकडे सुलतानाचा. युरोपचा प्लेग आणि मलबारची मिरी वेगवेगळ्या प्रकरणांत का नकोत, ते यातून कळतं.

आणि मिऱ्याच्या उलट दिशेने काय येतं, तेही बघत राहा. युरोपकडे पूर्वेला विकण्यासारखं फार थोडं होतं, म्हणून सोनं-चांदी यायची. पंधराव्या शतकाच्या मध्याला तिकडे चांदीची इतकी टंचाई झाली की कित्येक टांकसाळी बंद पडल्या. त्याच सुमारास चीनमध्ये कागदी नोटांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि तिथला बाजार चांदी मागत होता. दोन्ही टोकांना एकच तहान.

जॅनेट अबू-लुघोद यांचं १९८९ चं पुस्तक मिळवा. १२५० ते १३५० या काळातल्या व्यापाराची एकमेकांत अडकलेली आठ वर्तुळं त्यांनी आखली आहेत. इंग्रजी जड वाटलं तरी नकाशे बघा. फक्त त्यांची नजर बंदरांवर आणि मोठ्या शहरांवर आहे, नांगराच्या फाळापर्यंत ती पोचत नाही.

खोटा टंका

मास्तरीणबाईंचा मान राखून थोडं भांडतो. मिरी धरली की सगळं जग जोडलेलं दिसतं, कारण मिरी हा जोडणाराच माल आहे. न जोडलेलंही बघायला पाहिजे ना भाऊ.

अफनासी निकितीन घ्या. रशियातल्या त्वेरचा व्यापारी, १४६९ च्या सुमारास इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून चौलला उतरला. सोबत विकायला एक घोडा. तो जुन्नरला न्यायलाच शंभर रूबल लागले असं तो लिहितो, आणि तिथल्या खानाने घोडा हिसकावला तो वेगळाच (पुढे परत मिळाला). बिदरपर्यंत फिरून त्याचं म्हणणं काय, तर लोकांनी मला फसवलं, आमच्या देशात खपेल असा माल इथे नाहीच. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर अन् समुद्रावर चाचे. म्हणजे जग जोडलेलं होतं, पण प्रत्येकाला परवडेल असं नाही.

तुमचा वऱ्हाडाचा प्रश्न मिऱ्याने नाही, या घोड्यानेच सुटतो. बहमनी राज्य १३४७ चं, त्याच्या चार तरफांपैकी (प्रांतांपैकी) एक वऱ्हाड. दख्खनमध्ये लढाऊ घोडा चांगला निपजत नाही, तो अरबस्तान-इराणातून जहाजाने यायचा. त्याची किंमत भरायची कशातून? सारा कशावर बसवायचा? कुणब्याच्या पिकावर. आपली ज्वारी थेट होर्मुझला कधी गेली नसेल, पण साऱ्याचा पैसा होऊन गेली. बहमनींचा वजीर महमूद गावान स्वतः इराणातल्या गिलानचा, व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेला. वजीर झाल्यावर त्याने वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले, जमीन मोजायला घेतली, सरदारांच्या डोळ्यांत खुपला आणि १४८१ मध्ये मारला गेला. लघुप्रबंध करायचाच तर यावर करा.

आणि एक सांभाळा. बरनी या इतिहासकाराने अलाउद्दीन खलजीच्या दिल्लीतल्या गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल (तेव्हाचं नाणं) दिला आहे. तो आकडा उचलून कोणी इंग्लंडच्या गव्हाशी ताडतात. तो मण आपल्या आज्याच्या ३७ किलोच्या मणाच्या निम्माही नव्हता.

कळमन्याचा दिवाणजी

ताई, दादा, दोघांचे आभार. मणाचं वाचून हसलो. आमच्याकडे आजही कडता (वजनातली कपात) किती कापायचा यावर रोज भांडण होतं. पोत्यावर लिहिलेलं वजन अन् पट्टीवरचं वजन एक नसतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. उलट पुस्तकातले आकडे मीच फार भाबडेपणाने वाचत होतो.

घोडा पटला. पण वऱ्हाड म्हटलं की कापूस. त्याचं या काळातलं काही सापडतं का? फारसी न येता?

महालातली मास्तरीण

खोटा टंका यांचं भांडण मान्य. घोड्याचं मला सुचायला हवं होतं.

कापसाचं सापडतं. कैरोजवळच्या फुस्तातच्या उकिरड्यांत गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे निघाले, त्यांतले बरेच याच काळातले. आपल्या बाजूला इसामी आहे. त्याने १३५० मध्ये पहिल्या बहमनी सुलतानासाठी फारसीत इतिहासकाव्य लिहिलं. रझिया सुलतानाबद्दल बोलताना तो म्हणतो की बाईने चरख्यापाशी बसावं, गादीवर नाही. हिंदुस्थानात चरख्याचा स्पष्ट उल्लेख सापडतो तो या टोमण्यात! टकळीपेक्षा चरख्यावर कितीतरी पट सूत निघतं, म्हणजे केवढी मोठी गोष्ट त्या गृहस्थाने रागाच्या भरात नोंदवून ठेवली.

आणि फारसी येत नसेल तर लीळाचरित्रापासून सुरू करा. तुमच्या काळाच्या जरा आधीचं आहे, तेराव्या शतकाच्या शेवटचं, पण मराठी आहे आणि रिद्धपुरात जमवलेलं. जिथे जिथे दाम, आसू (तेव्हाचं नाणं), हाट, जकात, सूत असं काही दिसेल तिथे वहीत ओळ उतरवा. रोजमेळासारखीच लिहा, जमा डावीकडे, नावे उजवीकडे. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, नाण्यांचा संग्रह आहे, तोही एकदा डोळ्याखालून घाला. सोमवारी जाऊ नका, बंद असतो.

कळमन्याचा दिवाणजी

रविवारीच जातो ताई. मार्केटला सुट्टी असते. पोरीलाही नेतो, तिला वाटते मिरची शिवाजी महाराजांच्याही आधीपासून भिवापुरातच पिकते.

खोटा टंका

रविवारी अकराच्या सुमारास मीही तिथेच असतो, नाण्यांच्या कपाटापाशी. हातात भिंग असलेला टकला दिसला की ओळखा. आधी तर्री पोहे खाऊन या, मग दोन तास हलू देणार नाही.