आकृतीकडे लक्ष दिलं की आफ्टरइमेज लवकर का विझते?

नेत्रबिंदू
मांडणी अशी: करडा पडदा, मधोमध टिंब, उजवीकडे ५ अंशांवर (डोळ्याशी होणारा कोन) गडद वलय. ८ सेकंद टिंबावर नजर, मग कोरा करडा पडदा. त्यावर वलयाची उलट, उजळ प्रतिमा (आफ्टरइमेज) उमटते; ती दिसते तोवर कळ दाबून धरायची. एका फेरीत नजर टिंबावर पण लक्ष वलयाकडे. दुसरीत टिंबाच्या जागी भराभर बदलणारी अक्षरं आणि त्यातले ‘क’ मोजायचे.

लक्ष वलयाकडे असताना प्रतिमा उशिरा उमटते आणि लवकर जाते. लक्षामुळे पेशींचा प्रतिसाद वाढतो म्हणतात, मग आफ्टरइमेज जास्त ठळक नको का? आणि दुसऱ्या फेरीत वलयाची जाणीवही कमी होती असं धरावं का?

दृक्पटल
परिणाम खरा आहे आणि जुना आहे. सुझुकी आणि ग्राबोवेकी यांनी २००३ मध्ये हेच दाखवलं.

गोंधळ होतो तो अनुकूलन (सतत पाहून पेशींचा प्रतिसाद मंदावणं) एकाच ठिकाणी घडतं असं मानल्यामुळे. उलट प्रतिमेचा मूळ संकेत मुख्यतः दृष्टिपटलावर तयार होतो, तिथे लक्षाचा हात फारसा पोचत नाही. मेंदूच्या दृक्-भागात मात्र अशा पेशी आहेत ज्यांना कड कुठे आहे एवढंच कळतं. आतली बाजू गडद की उजळ याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. वलयाकडे लक्ष दिलं की या पेशी जास्त काम करतात आणि जास्त थकतात. नंतर येणाऱ्या प्रतिमेच्या कडा नेमक्या त्याच जागी असतात, म्हणजे ती दिसायची तर याच थकलेल्या पेशींमार्फत. मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हे. लक्षामुळे अनुकूलन वाढतंच, फक्त प्रतिमा घडवणाऱ्या पेशींपेक्षा ती दाखवणाऱ्यांचं जास्त.

स्थिरनजर
स्पष्टीकरण ठीक, पण या मांडणीतून ते सिद्ध होत नाही. दोन्ही फेऱ्यांत पडद्यावरचं दृश्यच वेगळं आहे. अक्षरं दोन्हींत ठेवा, काम तेवढं बदला.

त्याहून वाईट म्हणजे डोळा. लक्ष कडेला गेलं की बारीक नेत्रउड्या त्या दिशेला होतात, दृष्टिपटलावर वलयाच्या कडा पुसट होतात आणि आफ्टरइमेज आपोआप फिकी पडते. मोजणीचं काम अवघड असेल तर बाहुलीही रुंदावते, आत जास्त प्रकाश जातो. दोन्ही गोष्टी तुम्हाला मिळालेल्या निकालाच्याच बाजूने ढकलतात.

उपाय: डावीकडे-उजवीकडे सारखी दोन वलयं एकाच वेळी दाखवा आणि बाणाने एकीकडे लक्ष द्यायला सांगा. दोन्ही वलयं अधूनमधून क्षणभर किंचित फिकी करा, दोन्हीकडे सारख्याच वेळा. सांगितलेल्या बाजूच्याच मोजायच्या. मग कोणती प्रतिमा आधी गेली एवढं विचारा. नजर हलली तरी दोन्ही वलयं सारखीच सरकतात, बाहुलीही दोघांना एकच.

बाकी: ५७ सेंमी अंतरावर १ सेंमी म्हणजे जवळपास १ अंश. पडद्याचा गॅमा (दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष उजळी यांचं नातं) सरळ करून घ्या, नाईट मोड आणि आपोआप बदलणारी उजळी बंद. पापणी लवली की विझत आलेली प्रतिमा पुन्हा उसळते, तेव्हा कोरा पडदा असताना पापण्यांबद्दल सूचना द्या. आधीची प्रतिमा पूर्ण गेल्याशिवाय पुढची फेरी नको. कळ दाबून धरणं प्रत्येकाच्या ‘दिसतंय’च्या निकषावर अवलंबून असतं; जमलं तर कोऱ्या पडद्यावर त्याच जागी फिकट गडद वलय घालून प्रतिमा रद्द व्हायला किती तीव्रता लागते ते मोजा.

अर्धजागृत
जाणिवेबद्दल: नाही, तसं धरू नका. अक्षरं मोजतानाही वलय दिसतच होतं.

व्हॅन बॉक्स्टेल, त्सुचिया आणि कॉख यांनी २०१० मध्ये दोन्ही घटक वेगवेगळे हलवले: लक्ष आहे-नाही, आकृती दिसते-दिसत नाही, अशा चार जोड्या. लक्षाने आफ्टरइमेजचा काळ घटला, दिसण्याने वाढला. उलट दिशा! त्यामुळे तुमच्या प्रयोगात लक्षाऐवजी जाणीव बदलली असती तर निकाल बहुधा उलटा आला असता.

दिसणं बंद करायचं तर आरशांचा स्टिरिओस्कोप (दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवणारं साधन) घ्या. एका डोळ्याला सेकंदाला सुमारे १० वेळा बदलणारे रंगीत चौकोनांचे ठिगळ, दुसऱ्याला त्याच जागी कमी तीव्रतेचं वलय. दोन्ही डोळ्यांना एकसारखी चौकट द्या, नाहीतर प्रतिमा जुळत नाहीत. लाल-निळ्या चष्म्यात एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं, म्हणून तो टाळा. वलय मध्येच दिसलं तर वेगळी कळ. अशा फेऱ्या सरसकट टाकून दिल्या की उरलेला नमुना कलतो, तेव्हा त्या वेगळ्या नोंदवा. ठिगळांमुळे दृक्-मार्गात आधीच संकेत दबतो आणि म्हणून प्रतिमा घटते, जाणिवेमुळे नाही, हा आक्षेप उरतोच.

नेत्रबिंदू
दोन वलयांची मांडणी करतो. कडांच्या पेशी थकतात हे वेगळं तपासता येईल का?

दृक्पटल
येईल. वलयाची नुसती बाह्यरेषा काळी-पांढरी आलटून पालटून लुकलुकवा. सरासरी करडीच, म्हणजे तिची स्वतःची उलट प्रतिमा जवळजवळ नाही. हे एकाच बाजूला, मुख्य वलयं दाखवण्याआधी. त्या बाजूची आफ्टरइमेज लक्ष न देताही लवकर गेली तर कडांचा थकवा पुरेसा आहे. काही फरक पडला नाही, तर माझं वरचं स्पष्टीकरण तुमच्या मांडणीला लागू नाही.